सेवाग्रामचा चरखा आणि बिरसीचे विमान

वर्धा जिल्ह्यात पाहण्यासारखे आहे तरी काय, असा प्रश्न आम्हा पुणेकरांना हटकून पडतो. बोरचे जंगल सोडले तर प्रवासी लोकांना भुलवील असे तिथे फारसे काही नाही. नागपूर सोडल्यावर पाऊणशे किलोमीटरांत वर्धा येते. दिवाळीच्या सुमारास वाटेत दुतर्फा कपाशी फुटलेली असते आणि बायका ओटीत कापूस वेचीत असतात.

गेल्या दिवाळीत आम्ही तिघे गेलो होतो. दादा, म्हणजे माझे थोरले बंधू, त्यांची मुलगी आणि मी. ही पुतणी गोंदियाजवळच्या बिरसीच्या धावपट्टीवर विमान चालवायला शिकते. मार्च २०२३ मध्ये बिरसीहूनच उडालेले एक शिकाऊ विमान शेजारच्या बालाघाट जिल्ह्यात कोसळले. शिक्षक आणि विद्यार्थिनी दोघेही गेले. तेव्हापासून लेकीचे उड्डाण असले की दादांच्या घशाखाली घास उतरत नाही. ‘हे शिक्षण सोड’ हे शब्द त्यांच्या ओठांवर सदैव तयार असतात. त्या दिवशी गाडीतही होते.

सेवाग्रामला बापूकुटी पाहून आम्ही बाहेर आलो. १९३६ साली गांधीजी इथे आले तेव्हा गावाचे नाव शेगाव होते. माती, बांबू आणि कौले यांची ती कुटी इतकी साधी, की पाहायला पाच मिनिटे पुरतात आणि निघायला अर्धा तास लागतो. ओसरीवर एक वृद्ध बाई दहाबारा वर्षांच्या एका पाहुण्या मुलाला पेटीचरखा शिकवीत होत्या. मुलगा चाक भराभर फिरवी, पेळू मात्र हिसक्याने ओढी. धागा तुटे. बाईंचे हात मांडीवर. पुन्हा तुटे. मुलाची आई न राहवून पुढे सरसावली, तशा बाई म्हणाल्या, ‘‘तुटू द्या हो. सांधता येतो.’’ सातव्या की आठव्या खेपेस वीतभर सूत निघाले. जाडेभरडे, पण त्याचे त्याने काढलेले.

हाताने काम करीत शिकावे, हा विचार याच गावाच्या परिसरात वाढला. ऑक्टोबर १९३७ मध्ये वर्ध्याला शिक्षण परिषद भरली, झाकीर हुसेन यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली आणि नयी तालीम जन्माला आली. आम्ही मराठीचे मास्तर ते सारे परीक्षेपुरते वाचतो. लाल शाईची दौत जवळ असली की हात मांडीवर ठेवणे फार अवघड!

मी पुतणीला विचारले, ‘‘तुमच्याकडेही असेच का ग?’’

‘‘काका, आमचा धागा सांधता येत नाही,’’ ती हसली. मग सांगू लागली. विमानात दोघांपुढेही सुकाणू असते. तीन हजार फुटांवर विद्यार्थ्याने नाक फार वर केले, वेग घटला, पंखांचा आधार सुटू लागला, तरी शिक्षक थोडा थांबू शकतो. कारण खाली हवा भरपूर आहे. तीच चूक उतरताना, धावपट्टीपासून वीस फुटांवर झाली, तर थांबायला क्षणही नसतो. चूक तीच, पण उंची वेगळी. म्हणून चूक केवढी यापेक्षा ती निस्तरायला जागा किती उरली, हे शिक्षकाने आधी पाहायचे. आणि घ्यायचे तर उघड घ्यायचे. ‘आय हॅव कंट्रोल’ असे त्याने म्हणायचे, ‘यू हॅव कंट्रोल’ म्हणत विद्यार्थ्याने हात सोडायचे. दोघांनी मिळून सुकाणू ओढणे सर्वांत घातक.

‘‘आणि गुपचूप बोट लावणारे शिक्षक?’’

‘‘ते नकोतच! आपण छान उतरवलं असं वाटतं, आणि उतरवलेलं असतं त्यांनी. मग एकटीने उडायच्या दिवशी शेजारची खुर्ची रिकामी.’’

हे मला फार पटले. मुलांच्या वह्यांतले निबंध लिहून देणारी कितीतरी घरे माझ्या ओळखीची आहेत.

दादा सारे ऐकत होते, बोलत नव्हते. पवनारला धाम नदीच्या खडकांवर बसलो. पलीकडच्या काठावर विनोबांचा आश्रम, पाण्याचा खळखळाट, वर निरभ्र आकाश. बऱ्याच वेळाने दादांनी लेकीला विचारले, ‘‘तुझे शिक्षक वेळेवर हात घालतात ना?’’

‘‘घालतात. दोनदा घातला. एकदा मला राग आला होता.’’

‘‘का?’’

‘‘मला वाटलं, मी सावरलं असतं.’’

‘‘सावरलं असतंस?’’

‘‘नाही, बाबा.’’

दादांनी खिशातून रुमाल काढून चष्मा पुसला. ‘शिक्षण सोड’ हे शब्द त्या दिवशी निघाले नाहीत. परतताना त्यांनी वर्ध्याला गाडी थांबवली आणि गोरसपाकाचे दोन पुडे घेतले. एक घरी न्यायला. दुसरा लेकीच्या हातात देत म्हणाले, ‘‘हा तुझ्या सरांना दे. आणि त्यांना म्हणावं, रागावली तरी हात घाला.’’