ग्रह शोधणारं मशीन आणि आपली अभ्यासिका

एआयमुळे नोकऱ्या जाणार, ही बातमी मीही लिहून लिहून कंटाळलो. आज त्याच एआयचं दुसरं काम सांगतो.

समजा, गिरगाव चौपाटीवर उभं राहून तुम्ही मलबार हिलवरचा एक हॅलोजन बघताय. त्याच्यासमोरून चिलट गेलं. उजेड कितीसा कमी होईल? दूरच्या ताऱ्यांभोवतीचे ग्रह असेच शोधतात. सूर्यासमोरून गुरूएवढा ग्रह गेला तर उजेड साधारण १ टक्का घटतो. पृथ्वीएवढा गेला तर १ टक्क्याचा शंभरावा भागही नाही. केप्लर दुर्बिणीने चार वर्षं दीड लाखाच्या आसपास ताऱ्यांचा उजेड असा मोजला. एवढे आलेख डोळ्यांनी बघणार कोण?

२०१७ मध्ये गूगलचे क्रिस्टोफर शॅल्यू आणि खगोलशास्त्रज्ञ अँड्र्यू व्हँडरबर्ग यांनी कॉम्प्युटरला हे शिकवलं. १५ हजार नोंदी दाखवल्या: हा ग्रह, हा जोडतारा, हा नुसता यंत्राचा गोंधळ. मग ६७० ताऱ्यांची जुनी माहिती त्याच्यासमोर ठेवली. त्यातून केप्लर-९० या ताऱ्याचा आठवा ग्रह मिळाला. माहिती आधीपासून पडूनच होती! आणि त्या १५ हजार नोंदी आधी माणसांनीच बसून तपासल्या होत्या, हे बातम्यांत कुणी फारसं सांगत नाही.

आपल्या मुंबईचंही आकाशात नाव आहे बरं का. टीआयएफआरच्या पहिल्या महिला संशोधक बिभा चौधुरी. २०१९ मध्ये एका ताऱ्याला अधिकृतपणे 'बिभा' नाव मिळालं. त्याच्या ग्रहाचं नाव 'संतमस'. (तो मात्र मशीनने नाही, ताऱ्याच्या डुलण्यावरून सापडलेला.)

टीआयएफआर आज कुलाब्यात. तिथून लालबाग-परळ फार लांब नाही. पण परवा परळच्या एका अभ्यासिकेत गेलो, तर स्पर्धा परीक्षेची पुस्तकं, पंखे, खाली माना घातलेली पोरं. कॉम्प्युटर एकही नाही. केप्लरची आणि नंतरच्या टेस दुर्बिणीची माहिती इंटरनेटवर फुकट आहे. शॅल्यू यांचा प्रोग्रामही २०१८ पासून सगळ्यांना खुला आहे. दहा बाय दहाच्या खोलीत वाढणाऱ्या पोराला यासाठी दुर्बीण नको, बसायला जागा आणि एक चालू मशीन पुरे.

मंडळांच्या कार्यकर्त्यांनो, यंदाच्या वर्गणीतून अभ्यासिकेला दोन कॉम्प्युटर आणि वायफाय बसवा. कमानीच्या खर्चापुढे ते काहीच नाही. कोण तयार आहे ते कळवा, शिकवायला माणूस मी शोधून देतो.