दारुकावनातले लाल सरबत

औंढा नागनाथच्या परिसराला दारुकावन म्हणतात. नाव ऐकून बरोबरच्या एखाद्या चावट भाच्याला हसू फुटलेच, तर त्याला सांगावे की, बाबा रे, संस्कृतात दारु म्हणजे लाकूड. नाव वनाचे आहे, गुत्त्याचे नव्हे! तरीही हिंगोलीपासून पंचवीसेक किलोमीटरवरच्या या क्षेत्राच्या मुलखात लाल वाइनच्या रंगाशी पैज मारील असे एक पेय होते, आणि त्याला भट्टी लागत नाही की परवाना.

आधी देवदर्शन. खालचे बांधकाम यादवकालीन, काळ्या पाषाणाचे, भिंतीभर शिल्पे. वरचा पांढरा भाग नंतरचा. ज्योतिर्लिंग जमिनीखालच्या अरुंद गाभाऱ्यात आहे. तिथे अंग चोरूनच उतरावे लागते. नंदी देवळाच्या मागे का, याचे उत्तर गावात कोणीही देईल: नामदेवांच्या कीर्तनासाठी देऊळच फिरले.

आता पेयाकडे वळू. ते अंबाडीच्या बोंडांचे. अंबाडीची भाजी मराठवाड्याला नवी नाही. ज्वारीच्या कण्या, शेंगदाणे आणि वर लसणाची चरचरीत फोडणी, सोबत भाकरी. पण लाल अंबाडीला फुले येऊन गेली की दिवाळीनंतर तिची बोंडे मांसल होतात. आतली बियांची गाठ काढून टाकायची आणि बाहेरच्या लाल पाकळ्या तेवढ्या घ्यायच्या. दोन वाट्या पाकळ्यांना चार वाट्या पाणी, आल्याचा तुकडा, दोन लवंगा. एक उकळी आणून झाकून ठेवावे, मग गाळून दीड वाटी साखर विरघळवावी. गूळही चालतो, पण रंग मळकट होतो. भांडे स्टीलचे घ्या. बिनकल्हईच्या पितळेत हा आंबट रस कळकतो. पेल्यात थोडा अर्क, वर गार सोडा आणि चिमूटभर काळे मीठ!

हा रंग नि द्राक्षाच्या सालीचा रंग एकाच कुळातला आहे. म्हणून लाल वाइन जिथे वापरतात तिथे हा अर्क पुष्कळदा शोभतो. नशा मात्र नाही, हे ज्याला उणे वाटेल त्याने नाशिक गाठावे. इजिप्तमध्ये हेच पेय करकदे नावाने पितात. जमैकात नाताळला आले घालून करतात, आणि हौशी लोक त्यात रम ओततात. स्वयंपाकाचेही तसेच. आपल्या शेजारी तेलुगू मुलखात अंबाडीच्या पाल्यात मटण शिजवतात, तेच गोंगुरा मटण. विलायती बायका रश्श्याला आंबटपणा आणायला वाइन घालतात, तिथे मी मूठभर बोंडे घालीन. डाळीत तर चिंचेची आठवणच होत नाही.

दुःख एवढेच, की अंबाडी आता शोधावी लागते. पूर्वी ज्वारी-कापसाच्या कडेने तिची ओळ असे. कुणब्याला तिच्या वाखाचे दावे-कासरे हवे असत. भाजी आणि बोंडे ही घरच्या बायकांची वरकमाई. पुढे नायलॉनचा दोर आला, बैल कमी झाले, आणि शिवारात सोयाबीन व हळद पसरली. दोरासाठी राखलेली ओळ गेली, तिच्याबरोबर सरबतही गेले. त्याची दखल कोणी घेतल्याचे दिसत नाही.

मार्गशीर्षात औंढ्याला जाल, तर भाजीवाल्या मावशींना बोंडांचे विचारा. त्यांनी आणून दिली, तर किलोभर जास्तच घ्या. सावलीत वाळवली की उन्हाळ्यापर्यंत टिकतात. आणि पुढच्या सालचेही आताच सांगून ठेवा. गिऱ्हाईक आहे असे कळले, तर बी टाकायला बांध अजून मोकळा आहे.