दिवाडी बेटावर दोन दिवस

जुन्या गोव्याच्या धक्क्यावरून फेरीबोट सुटते आणि मांडवी ओलांडून दिवाडीला टेकते. पायी माणसाला भाडे नाही. मध्यमवर्गीय मनुष्य इथेच निम्मा प्रसन्न होतो! ‘इथं करायचं काय?’ हा सौभाग्यवतींचा पहिला प्रश्न. चालायचे! खाजणशेतीच्या बांधावरून मानशीपर्यंत जायचे आणि पाहत उभे राहायचे. भरतीचे खारे पाणी रेटू लागले की तिच्या लाकडी झडपा आपोआप मिटतात, ओहोटीला उघडतात, शेत वाचते. चिरंजीव तासभर तिथून हलले नाहीत.

दुसरे दिवशी नार्व्याच्या टोकाला गेलो. सप्तकोटेश्वर मूळचा इथला. सोळाव्या शतकात पोर्तुगिजांनी देऊळ पाडले. देव नदीपलीकडे गेला. तिथल्या मंदिराचा जीर्णोद्धार शिवाजी महाराजांनी १६६८ साली केला. त्या गावाचे नावही नार्वेच! देव नेताना लोकांनी नावही सोडले नाही.

इथे पूल होऊच नये, असे मी धक्क्यावर मोठ्या रसिकपणे बोलून गेलो. शेजारी मासळीची पाटी घेऊन बसलेल्या मावशींनी ऐकले. म्हणाल्या, “मास्तर, अपरात्री कुणाला दुखणं आलं, तर फेरीची वाट किती बघायची?”

समोरून बोट येत होती. मावशींनी पाटी उचलली.