जेद्द्याचा दोरा

आम्ही उर्दू माध्यमाच्या शाळेत भूगोल शिकवतो. वर्गातल्या कितीतरी मुलांचे वडील आखातात. त्यामुळे नकाशा उघडला की पहिला प्रश्न ठरलेला, "सर, जेद्दा किती दूर?"

आम्ही पृथ्वीगोल पुढे घेतो. दोऱ्याचे एक टोक मुंबईवर धरतो, दुसरे जेद्द्यावर, आणि दोरा ताणतो. साधारण ३५०० किलोमीटर. मुलांना नवल वाटते ते वेगळ्याच गोष्टीचे. ताणलेला दोरा सरळ मावळतीला न जाता किंचित उत्तरेकडे झुकतो. मुंबईचा किब्लाही असाच, पश्चिमेपासून सुमारे १० अंश उत्तरेला. विमानाला जाताना सव्वापाच-साडेपाच तास लागतात, येताना थोडे कमी, कारण हिवाळ्यात उंचावरचे वारे पश्चिमेकडून जोरात वाहतात. आमचे आजोबा बोटीने हजला गेले होते, दहाबारा दिवस समुद्रात होते. बोटीचा हज १९९५ मध्ये बंद झाला. असो.

हे सारे आम्हाला तोंडपाठ होते. जानेवारी २०१८ मध्ये अम्मीचा इंतकाल झाला तेव्हाही.

फजरच्या आधीची वेळ. आमच्याकडे पाच, जेद्द्यात रात्रीचे अडीच. भाईजान तिथे एकोणीस वर्षे नोकरीला. फोनवर बराच वेळ कुणीच बोलले नाही. मग आम्ही, शेवटी मास्तरच, औषधाच्या चिठ्ठीमागे हिशेब मांडला. विमान पाच तासांचे. पण देशाबाहेर पडायला तेव्हा मालकाची संमती लागे (हा नियम २०२१ मध्ये सैल झाला), आणि मालक भेटणार सकाळी. दुपारचे विमान मिळाले तरी अडीच तास घड्याळच खाणार. मुंबईत उतरायला रात्र. पुढे रत्नागिरीजवळचे आमचे गाव, साडेतीनशे किलोमीटर, म्हणजे आठ-नऊ तास. अरबी समुद्र ओलांडण्यापेक्षा हा रस्ताच लांब. कितीही ओढले तरी दुसऱ्या दिवशीचे सकाळचे आठ.

जमातीतले बुजुर्ग अंगणात बसले होते. मय्यत थांबवू नका, असे कुणी म्हटले नाही. नुसते, असर किती वाजता, एवढेच विचारत राहिले. आम्हाला राग आला होता. एक रात्र बर्फावर ठेवली असती तर काय बिघडले असते, असे आजही कधीकधी वाटते.

दहा वाजता भाईजानचाच फोन आला. "असरनंतर दफन करा. माझी वाट बघू नका. कबरीत तू उतर."

आम्ही उतरलो. अम्मीचा चेहरा किब्ल्याकडे फिरवताना वर्गातला तो दोरा आठवला. त्या दिशेला मक्का, आणि मक्केपलीकडे सत्तर-ऐंशी किलोमीटरवर भाईजान, मालकाच्या कचेरीबाहेर बसलेले.

ते तिसऱ्या दिवशी पोचले. कब्रस्तानातून परतताना वाटेत एवढेच म्हणाले, वारा पाठीशी होता, विमान वीस मिनिटे आधीच उतरले.