पट्टी पाहिली का?

गेल्या मार्गशीर्षांत आमची मोटार पुण्याच्या एका मोठ्या शोरूममधून सर्व्हिसिंग होऊन परत आली, तेव्हां तिच्याबरोबर चार पानांचें बिल आणि आंत मारलेल्या अत्तराचा घमघमाट आला. बिलांतील प्रत्येक कामापुढें बरोबरची खूण होती. ऑइल बदललें, खूण. फिल्टर बदलला, खूण. ऑइलची पातळी तपासली, खूण. आम्हीं तें बिल फडताळांत ठेवलें आणि परीक्षा संपलेल्या मुलासारखे निश्चिंत मनानें निजलों.

भोरास आमचें तीन बंधूंचें एकत्र घर आहे. मोटारही एकच, सात माणसांची, डिझेलवर चालणारी, २०२१ सालीं घेतलेली. ती सर्वांची असल्यामुळें तिच्याकडे पाहण्याचें काम कोणाचेंच नव्हतें, हें येथेंच कबूल केलेलें बरें.

दुसऱ्या दिवशीं वेल्ह्यास मावसभावाची वास्तुशांत होती. (तालुक्यास आतां राजगड हें नांव मिळालें आहे; पण आईच्या तोंडीं अद्याप वेल्हेंच येतें.) आई अठ्ठ्याहत्तर वर्षांची. प्रवासाला निघावयाचें म्हणजे तिची तयारी आदल्या रात्रींपासूनच सुरू असते. भाटघर मागें टाकून आम्ही कापूरहोळास हमरस्त्याला लागलों, नसरापूर फाट्यावर वळलों आणि बनेश्वराला गाडींतूनच हात जोडले. मार्गासनीच्या पुढें कांहीं वेळानें उग्र वास येऊं लागला. वहिनींना वाटलें, कोणाच्या तरी शेतांत कांहीं पेटवलें असावें. इतक्यांत मागें बसलेला पुतण्या ओरडला, "काका, मागें बघा!" मागें निळसर धुराची लांबच लांब शेपटी पडली होती.

दादा गाडी चालवीत होते. ते म्हणाले, "समोरचा तांबडा दिवा कोठें लागला आहे? काल तर सर्व्हिसिंग झालें. चला, वेल्ह्यास पोंचूं आणि मग पाहूं." दादांचा शब्द आमच्या घरांत सहसा कोणी मोडीत नाहीं. आम्हीही गप्पच बसलों असतों, पण आई म्हणाली, "धूर येतो तिथें आधीं चूल बघावी." तेव्हां विंझरच्या अलीकडे एका चहाच्या टपरीपुढें, सपाट अंगण पाहून, गाडी थांबविली.

टपरीवर एक वृद्ध शेतकरी बसले होते. त्यांनीं धुराकडे पाहिलें, आमच्याकडे पाहिलें आणि एवढेंच विचारलें, "पट्टी बघितली का, सायेब?"

आम्हीं ती कधींच पाहिली नव्हती. पांच वर्षें आम्ही या मोटारींतून हिंडत आहोंत, आणि ऑइल मोजण्याची पट्टी नेमकी कोठें असते हें आम्हां तिघां सुशिक्षित बंधूंस शोधावें लागलें. त्या बाबांनीं उभ्या आयुष्यांत मोटार बाळगली नव्हती. पण तीस वर्षें नदीकांठच्या विहिरीवर डिझेलचें इंजिन चालविलें होतें. खडकीच्या किर्लोस्करांच्या कारखान्यानें, म्हणजे १९४६ पासून, अशीं इंजिनें महाराष्ट्राच्या शेतोशेतीं पोंचविलीं आणि त्यांच्याबरोबर हें शास्त्रही पोंचविलें. "पट्टी बघितल्याबिगर आमी हँडल मारत नव्हतो," बाबा म्हणाले.

त्यांनीं आम्हांस इंजिन बंद ठेवून दहा मिनिटें थांबावयास लावलें, म्हणजे वर उडालेलें ऑइल तळाशीं उतरतें. मग पट्टी काढून फडक्यानें कोरडी पुसली, पुन्हां पूर्ण आंत घातली आणि काढून आडवी धरली. पट्टीवर दोन खुणा असतात. ऑइल त्यांच्यामध्यें असावें. आमचें ऑइल वरच्या खुणेच्याही दोन बोटें वर होतें!

खरें सांगावयाचें तर आम्हांस प्रथम हायसेंच वाटलें. कमी तर नाहीं ना! वाण्यानें मापावर चार दाणे अधिक टाकले तर आपण रागावतों काय? बाबांनीं मात्र मान हलविली.

त्यांची मान कां हलली, हें आम्हांस मागाहून पुस्तकें चाळल्यावर नीट उमजलें. पण घरीं ताक करणाऱ्या कोणाही गृहिणीस तें चटकन् कळावें. इंजिनाच्या तळाशीं ऑइलचें पात्र असतें. गॅरेजवाले त्याला चेंबर म्हणतात. त्याच्या वर क्रँकशाफ्ट फिरत असतो, मिनिटाला दोन हजार फेरे धरले तरी सेकंदास तेहतीस. ऑइल बेताचें असलें तर तो त्याला न शिवतां फिरतो. अधिक झालें कीं त्याचे भाग ऑइलांत बुडतात आणि रवीनें ताक घुसळावें तसें तें घुसळलें जाऊन त्यास फेंस येतो. दांडा आणि बेअरिंग यांच्यामध्यें ऑइलचा केसाहूनही पातळ थर असतो, आणि सगळा भार तोच तोलून धरतो. तेथें ऑइलऐवजीं फेंस गेला तर धातूवर धातू घासूं लागते. म्हणजे फार ऑइल भरल्याचा शेवट ऑइल नसल्यासारखाच! शिवाय सीलें गळूं लागतात, आणि हवा बाहेर जाण्याच्या नळीनें ऑइल ज्वलनाच्या जागीं शिरून निळा धूर होतो. डिझेलच्या इंजिनांत क्वचित् याहूनही भयंकर प्रकार घडतो. आंत शिरलेलें ऑइलच इंधन म्हणून जळूं लागतें, आणि किल्ली फिरवून काढून घेतली तरी इंजिन बंद होत नाहीं. आईला घेऊन आम्ही घाटांत असतों आणि तसें झालें असतें तर, हा विचार त्या रात्रीं आम्हांस झोंप लागूं देईना.

आई व वहिनी वेल्ह्याच्या एस. टी. नें पुढें गेल्या. ("मुहूर्त कांहीं तुमच्या मोटारीसाठीं थांबायचा नाहीं.") इकडे बाबांनीं गुरांच्या डॉक्टरांकडून मोठी पिचकारी आणि सलाइनची नळी मागवून घेतली. पट्टीच्या भोकांतून नळी आंत सोडून, थोडें थोडें असें तासाभरांत सव्वा लिटर ऑइल आम्हीं पाण्याच्या बाटल्यांत उपसलें. पट्टीवर पातळी खुणांच्या मध्यें आली. धूर मात्र लगेच थांबला नाहीं. नळींत साचलेलें जळून जाईपर्यंत कांहीं मैल तो येतच राहिला. वास्तुशांतीचें जेवण आम्हांस शेवटच्या पंगतीस मिळालें.

तिसऱ्या दिवशीं दादा आणि आम्ही त्या बाटल्या घेऊन शोरूममध्यें गेलों. तेथील व्यवस्थापकांनीं प्रथम सांगितलें कीं, थोडें अधिक असल्यानें बिघडत नाहीं. मग सांगितलें कीं, संगणकांत सर्व बरोबर आहे. शेवटीं म्हणाले कीं, हा आमच्याच चालविण्याचा दोष. ही शेवटची गोष्ट अगदींच खोटी नव्हे. एप्रिल २०२० पासूनच्या नव्या डिझेल मोटारींत काजळी अडविणारा फिल्टर असतो. गाडी सदा गांवांतल्या गांवांत फिरविली तर ती काजळी जाळण्यासाठीं सोडलेलें डिझेल ऑइलांत उतरतें आणि पातळी वाढते. पण शंभर किलोमीटरांच्या आंत सव्वा लिटर? दादांनीं बिल आणि मोटारीबरोबर मिळालेलें पुस्तक शेजारीं शेजारीं उघडून ठेवलें. पुस्तकांत फिल्टर धरून सव्वापांच लिटर, बिलांत साडेसहा. त्याच नांवाच्या मोटारीस दुसरें एक मोठें इंजिन मिळतें, त्याचें माप आमच्या इंजिनांत ओतलें होतें. पैसेही अर्थात् साडेसहाचेच घेतले होते.

धाकट्या बंधूंचें मत, सरळ जिल्हा ग्राहक आयोगाकडे जावें. ज्या पुण्यांत १९७४ सालीं बिंदुमाधव जोशी यांनीं ग्राहक पंचायत उभी केली तेथें तरी मुकाट बसूं नये, असें ते म्हणत. २०१९ च्या कायद्यानें सेवेंतील उणिवेबद्दल दोन वर्षांच्या आंत तक्रार करतां येते, आणि दिलेला मोबदला पांच लाखांपर्यंत असेल तर आयोगाकडे फीही पडत नाहीं. त्यांचें म्हणणें आम्हांस पटत होतें. पण आईनें विचारलें, "त्यांत त्या ऑइल ओतणाऱ्या पोराची नोकरी जाईल काय?" या प्रश्नाचें उत्तर कायद्याच्या पुस्तकांत नव्हतें. अखेर आम्हीं मागणें लेखी दिलें: ऑइल व फिल्टर पुन्हां बदलावें, सीलें तपासून द्यावीं, अधिक घेतलेले पैसे परत करावे, आणि वर्षभरांत सील गळल्यास दुरुस्ती विनामूल्य करूं असें लिहून द्यावें. शिक्षा मागितली नाहीं. पहिल्या पत्रास उत्तर आलें नाहीं. दुसऱ्यांत कायद्याचा उल्लेख केला, तेव्हां चार दिवसांत आलें.

हें घरीं सांगत असतां पुण्याची भाची म्हणाली, तिच्या लहान मोटारीचें याच्या अगदीं उलट झालें होतें. सर्व्हिसिंगनंतर कात्रज घाटांत वळणावळणावर तांबडा दिवा क्षणभर लागे आणि विझे. पाहतां पट्टीच्या टोंकालाही ऑइल लागेना. बहुतेक मोटारींत तो दिवा ऑइल किती आहे हें सांगतच नाहीं. ऑइलचा दाब पडला म्हणजे तो लागतो. वळणावर ऑइल एका बाजूस सरकून पंप हवा ओढूं लागे, तेव्हां तो लुकलुके. दादांचा ज्या दिव्यावर भरंवसा होता तो इतका उशिरां बोलणारा! दादा हें ऐकून कांहीं बोलले नाहींत. पण त्या रविवारीं सकाळीं अंगणांत बॉनेट उघडून पट्टी पुसतांना आम्हीं त्यांस पाहिलें.

मोटार परत आणावयास गेलों तेव्हां ती सपाट जागीं उभी होती. एक विशीचा मुलगा, हात ऑइलनें माखलेले, खालीं मान घालून पुढें आला. त्यानें पट्टी काढली, पुसली, पुन्हां घातली आणि आमच्या हातीं दिली. ऑइल वरच्या खुणेच्या किंचित् खालीं होतें.