पाण्याखालचे दगड

मुलांनो, मुळशी धरणाच्या काठी उभं राहून पाण्याखाली खडक कुठे आहे, हे ओळखता येईल का? येईल! आधी डोंगराकडे बघा. ज्या सोंडेवर काळा कातळ उघडा पडलाय, ती पाण्याशी संपत नाही; तशीच आत उतरत जाते. काठाला सपाट भातखाचरं असतील, तर तिथे तळाशी बहुधा गाळच. उन्हाळ्यात पाणी ओसरलं, की मोठ्यांना सोबत घेऊन जा आणि उघड्या तळाचा नकाशा वहीत काढा.

खडकाच्या कपारींत शेवाळ, गोगलगाई, खेकडे मिळतात. म्हणून मासे तिकडे वळतात. आपला महसीर असाच, खडकाळ पाण्यात रमणारा. सायक्स या इंग्रज अधिकाऱ्याने १८३९ मध्ये दख्खनच्या महसीराची शास्त्रीय नोंद केली, ती मुळा-मुठेच्याच माशावरून.

पण इथले सगळेच दगड निसर्गाने मांडलेले नाहीत हं! १९२१ मध्ये सेनापती बापट आणि मावळातल्या शेतकऱ्यांनी या धरणाविरुद्ध सत्याग्रह केला. तरी धरण झालं, गावं बुडाली. ओसरत्या पाण्यात सरळ रेषेत रचलेले दगड दिसले, तर ते कुणाच्या घराचं जोतंही असेल. तिथे गळ टाकण्याआधी क्षणभर थांबाल ना?