न फिटणारं देणं

आमच्या गोरेगावात घरोघरी आहेराची वही असते. लग्नात कुणी किती रुपये लिहिले, कुणी टॉवेल-टोपी केली, सगळं तिच्यात. त्यांच्याकडं कार्य निघालं की वही बघायची आणि निदान तेवढं तरी परत करायचं. शेतात सावड तशीच, देवाशीही तसंच. नवस बोलायचा, काम झालं की फेडायचा. आपल्या भाषेत उपकार म्हटलं की पुढचा शब्द ‘फेडणं’ हाच येतो.

दोन वर्षांपूर्वी, हळद काढणीच्या दिवसांत, अप्पांना ट्रॅक्टरचा अपघात झाला. रक्ताच्या चार पिशव्या लागल्या. रक्त कुणाचं, हे सांगितलं जात नाही. अप्पा बरे झाले, चालायला लागले, पण एका जागी अडकून बसले. नाव कळलं असतं तर हळदीचं पोतं नेऊन दिलं असतं म्हणायचे. एकदा फोनवर म्हणाले, “माय, कुणाचं तरी देणं डोक्यावर घेऊनच मरायचं का मी?” माझ्याकडं उत्तर नव्हतं.

मी नोकरीला अहिल्यानगरात आहे, म्हणजे सगळ्यांच्या तोंडातल्या नगरात. रूममेट ख्रिस्ती. एका रविवारी तिच्यासोबत चर्चला गेले. इंग्रजी गाणी असतील असं वाटलं होतं. तिथं पेटी, तबला आणि टाळ! नामदेवांचं जन्मगाव मानलं जाणारं नर्सी आमच्याच जिल्ह्यातलं. सप्ताहातले टाळ ऐकत वाढलेली मी. हात आपोआप ठेका धरायला लागले.

ते पद नारायण वामन टिळकांचं होतं. १८९५ मध्ये बाप्तिस्मा घेतलेले हे कवी. त्यांनी ख्रिस्ताची भक्ती अभंग-ओवीत गायली. त्यांच्याही आधी, १६१६ मध्ये, गोव्यात फादर स्टीफन्स यांचं ओवीबद्ध ‘क्रिस्तपुराण’ छापलं गेलं होतं. म्हणजे ही भाषा या उपासनेला नवी नाही.

मला मात्र एक शब्द नवा होता : उपकारस्तुती. उपकार फेडायचे नाहीत, गायचे. रूममेटनं सोपं करून सांगितलं. तारण ही देवाची कृपा. ते कुणाला कमावता येत नाही, विकत घेता येत नाही. पौलानं इफिसकरांना लिहिलेल्या पत्रात हेच आहे : तारण हे दान आहे, कर्माचं फळ नाही. म्हणून उपासना हा हप्ता नव्हे. प्रभुभोजनाला ग्रीकमध्ये जो जुना शब्द आहे, युखारिस्तिया, त्याचाही अर्थ आभार मानणं.

“मग अर्पणाची थैली कशाला फिरते?” मी विचारलं. हिशोबी घरातली ना मी!

ती हसली. म्हणाली, “आधी मिळालं, मग दिलं. द्यावं म्हणून मिळत नाही.”

टिळकांचं उत्तरायुष्य वाचताना हे जास्त कळलं. १९१७ मध्ये त्यांनी मिशनची नोकरी सोडली आणि साताऱ्यात ‘देवाचा दरबार’ सुरू केला. बाप्तिस्मा घेतलेले, न घेतलेले, दोघांनाही तिथं जागा होती. ज्याला तारण आधीच मिळालंय असं वाटतं, त्यानं हे का करावं? मला वाटतं, फुकट मिळालेलं माणसाला स्वस्थ बसू देत नाही. फक्त ती अस्वस्थता कर्जदाराची नसते.

लूकच्या शुभवर्तमानातली दहा कुष्ठरोग्यांची गोष्ट मी अप्पांना फोनवर सांगितली. येशूनं दहाही जणांना बरं केलं. आभार मानायला माघारी आला तो एकटाच, तोही परका मानला जाणारा शोमरोनी.

अप्पांनी विचारलं, “मग त्या नऊ जणांचा रोग उलटला का?”

“नाही. तसं कुठं लिहिलेलं नाही.”

“मग हा कशाला आला माघारी?”

“राहवलं नसंल, अप्पा.”

बराच वेळ ते गप्प होते. फोन कटला का म्हणून मी स्क्रीन बघितली.

मी धर्म बदललेला नाही, अप्पांची पंढरीही सुटलेली नाही. पण त्या दिवसापासून रक्त देणाऱ्याचं नाव त्यांनी विचारलं नाही. परवा मात्र म्हणाले, “रविवारी तिकडं गेलीस तर माझ्याकडूनबी एकदा हात जोड. नवस नको बोलू. नुसताच जोड.”